जनावरांच्या वाहतुकीसाठी हौदा : लोखंडी की अ‍ॅल्युमिनिअमचा?

(शेतकी खात्याचा अभ्यास लेख)



लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवलेली बैलगाडी आपल्या वडीलधाऱ्यांनी वापरली. पुढे रबरी टायरची गाडी आली आणि तिला आपण सारे 'डनलॉप' म्हणू लागलो. मग ट्रॅक्टर-ट्रॉली आली. प्रत्येक वेळी गावात वाद झाला, प्रत्येक वेळी कुणीतरी घाई करून फसला आणि कुणीतरी उशीर करून मागे राहिला. आता नवा वाद सुरू झाला आहे तो हौद्याचा. ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॉलीचा हा प्रश्न नव्हे. गाय, म्हैस, बैल, शेळ्या न्यायच्या ट्रॉलीचा किंवा पिकअपचा हौदा लोखंडाचा करावा की अ‍ॅल्युमिनिअमचा, असे बरेच सभासद आमच्या कचेरीत येऊन विचारतात. दुधाचा जोडधंदा वाढला, म्हशींची खरेदी-विक्री वाढली, तेव्हा हा प्रश्न येणारच.

प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही पूर्वी सरळ सांगत असू, "लोखंडाचा करा, स्वस्त पडतो." हे उत्तर अपुरे होते, हे आम्हाला कुंभार्ली घाटात कळले. ती हकिकत आधी सांगतो.

घाटात काय घडले

आपल्या एका सभासदाला दोन म्हशी सावर्ड्याला पोहोचवायच्या होत्या. सावर्डे हे रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणच्या दक्षिणेला, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. तिथे त्यांचे व्याही राहतात. आम्हालाही त्या बाजूला काम होते, म्हणून शेतकी खात्यातले आम्ही दोघे त्याच पिकअपमधून निघालो. पाटण, कोयनानगर, हेळवाक करीत घाटाला लागलो. वरच्या दोन-तीन वळणांपर्यंत सारे ठीक होते. एका वळणाला ड्रायव्हरने ब्रेक दाबला, म्हशींचा भार पुढे आला आणि मागून धाडकन् आवाज झाला.

उतरून पाहतो तर एका म्हशीचा पुढचा पाय हौद्याच्या तळातून खाली गेलेला. तळावर रबरी मॅट होती. मॅटखालचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला होता आणि भार येताच तो फाटला होता. पाय बाहेर काढायला पाऊण तास गेला. जॅक लावून, पत्रा कापून, चार माणसांनी म्हैस उचलून धरली तेव्हा कुठे पाय सुटला. हाड मोडले नाही, हे नशीब. पण खुरापासून गुडघ्यापर्यंत कातडे सोलून निघाले. खाली उतरल्यावर डॉक्टरांनी टाके घातले. महिनाभर ती म्हैस तीन पायांवर उभी होती आणि त्या वेताचे दूध गेले ते गेलेच. म्हैस कर्जावर घेतलेली होती. हप्ता काही दुधासाठी थांबत नाही.

फाटलेल्या पत्र्याची न गंजलेली कड आम्ही मोजली. पावतीवर तीन मिलिमीटर लिहिले होते, कड दोन मिलिमीटर भरली. करून देणाऱ्याने तिथे हात मारला होता. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. निघताना आम्ही दोघेही त्या मॅटवर उभे राहिलो होतो, म्हशी नीट बांधल्या की नाही ते पाहिले होते. मॅटची कड उचलून खाली पाहण्याचे आम्हाला सुचले नाही. दोन मिनिटांचे काम होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत.

सावर्ड्याला पोहोचल्यावर त्या सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, अ‍ॅल्युमिनिअमचा हौदा असता तर हे झालं नसतं ना?" आम्हाला ठाम उत्तर देता येईना. म्हणून दोन दिवस तिथेच राहून त्या भागातल्या गाड्या पाहिल्या, मालकांशी बोललो, वेल्डिंगवाल्यांशी बोललो, आणि परत आल्यावर हिशेब मांडला. त्या अभ्यासाचा हा गोषवारा.

दोन धातूंचा स्वभाव

आपण रोजच्या बोलण्यात ज्याला लोखंडी पत्रा, अँगल, चॅनेल म्हणतो ते खरे पाहता सौम्य पोलाद असते. दुकानदार त्याला एम.एस. म्हणतो. अ‍ॅल्युमिनिअमची ओळख आपल्या घरात जुनी आहे. आपण त्याला 'जर्मनचं भांडं' म्हणतो. डेअरीचा दुधाचा कॅनही बहुधा त्याचाच.

पहिला फरक वजनाचा. एक चौरस मीटर पत्रा, जाडी एक मिलिमीटर, असा तुकडा घेतला तर पोलादाचा भरतो ७.८५ किलो आणि अ‍ॅल्युमिनिअमचा २.७ किलो. म्हणजे जवळजवळ एकास तीन.

दुसरा फरक ताठपणाचा. सारख्याच मापाच्या दोन पट्ट्या घेऊन सारखेच वजन टांगले, तर अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी पोलादाच्या सुमारे तिप्पट वाकते. म्हणून अ‍ॅल्युमिनिअम वापरताना जाडी वाढवावी लागते, आडवे आधार जवळजवळ द्यावे लागतात. तिसरा हिस्सा वजन ऐकून हुरळून जायचे नाही ते एवढ्यासाठी. वापरात येईपर्यंत ते निम्म्यावर येते.

तिसरा फरक थकण्याचा. माणूस थकतो तसा धातूही थकतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर हौद्याला लाखो लहान हिसके बसतात. मर्यादेच्या आतले हिसके पोलाद सहसा वर्षानुवर्षे सोसते. अ‍ॅल्युमिनिअममध्ये मात्र लहान हिसक्यांचाही हिशेब साठत जातो आणि एक दिवस सांध्याजवळ केसासारखी चीर दिसते. शिवाय वेल्डिंगच्या आजूबाजूला उष्णतेने त्याची ताकद बरीच उतरते. चीर पडते ती नेमकी तिथेच.

वजनाचा हिशेब

दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद हौदा धरू. तळाचे क्षेत्र ६० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५.६ चौरस मीटर. चारही बाजूंना चार फूट उंच पत्रा लावला तर तो होतो १२८ चौरस फूट, म्हणजे सुमारे ११.९ चौरस मीटर. खालची चौकट दोन्ही प्रकारांत पोलादाचीच आहे असे समजू आणि फक्त पत्रा मोजू.

पोलाद : तळ ३ मि.मी. जाड, वजन सुमारे १३२ किलो. बाजू १.६ मि.मी. जाड, वजन सुमारे १५० किलो. एकूण २८२ किलो.

अ‍ॅल्युमिनिअम : तळ ४.५ मि.मी. जाड, वजन सुमारे ६८ किलो. बाजू २.५ मि.मी. जाड, वजन सुमारे ८० किलो. एकूण १४८ किलो.

फरक १३४ किलोचा. म्हणजे एका चांगल्या वाढलेल्या वासराएवढा.

आता कुणी म्हणेल, "झालं तर! १३४ किलो वाचले, म्हणजे आणखी एक जनावर बसलं." इथेच चूक होते. जनावर किती न्यायचे हे वजनावर ठरत नाही, जागेवर ठरते. प्राणी वाहतुकीचे नियम १९७८ सालचे आहेत. त्यानंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली १२५-ई हा नियम आला आणि तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याप्रमाणे गाडीत प्रत्येक जनावराला कायमचा वेगळा कप्पा पाहिजे. गाय-म्हशीला किमान २ चौरस मीटर, मेंढी-शेळीला ०.३ चौरस मीटर. आपल्या हौद्याचे क्षेत्र ५.६. त्याला दोनाने भागा. दोन म्हशी बसल्या, तिसरी नाही. हौदा सोन्याचा केला तरी तिसरी नाही.

तेव्हा मोठ्या जनावरांच्या बाबतीत हलक्या हौद्याने फेरीला एक जनावर वाढत नाही. फायदा राहतो तो डिझेलचा, टायरचा आणि घाट उतरताना ब्रेकवरच्या भाराचा. हा फायदा खरा आहे, पण तो फेऱ्यांवर अवलंबून आहे. जो आठवड्यातून पाच-सहा दिवस घाट चढतो-उतरतो त्याला तो जाणवेल. जो वर्षातून दहा वेळा बाजाराला जातो, त्याचा जादा खर्च गाडी मोडीत जाईपर्यंत वसूल होणार नाही.

लहान पिकअपच्या मालकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन म्हशींचे वजन हजार किलोच्या घरात जाते. त्यात सोबतचा माणूस आणि वैरण. गाडीची भारक्षमता जेमतेम असेल तर हे १३४ किलो नियमात राहण्यासाठी उपयोगी पडतात. अशा ठिकाणी अ‍ॅल्युमिनिअमचा विचार करायला जागा आहे.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच करावा, कारण धातूचे भाव महिन्याला बदलतात. रीत सोपी आहे : वजन गुणिले त्या दिवसाचा किलोचा भाव. अ‍ॅल्युमिनिअमचा भाव पोलादाच्या चौपट धरला, तर वरच्या हौद्यात पत्र्याचा खर्च दुपटीच्या थोडा वर जातो. घडणावळ आणखी जास्त. उलट मोडीत विकताना अ‍ॅल्युमिनिअमला किलोमागे पोलादाच्या कितीतरी पट दाम मिळतो, तेही जमेला धरावे.

गंज, शेण-मूत आणि कोकणचा पाऊस

सावर्ड्याकडे पाऊस पडतो तो आपल्याकडच्यासारखा नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगणात ठेवलेले लोखंड वाळतच नाही. किनाऱ्याकडे फेऱ्या करणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याची भर. त्यामुळे "कोकणात अ‍ॅल्युमिनिअमच बरं, त्याला गंज नाही" असे बोलले जाते. यात अर्धे खरे आहे.

अ‍ॅल्युमिनिअमला तांबडा गंज येत नाही. हवेशी संबंध आला की त्याच्यावर एक पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण हा पापुद्रा आंबटाला आणि खाराला भितो. आपल्या घरच्या बायका जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवत नाहीत, सोडा घातलेल्या पाण्यात ते भांडे उकळवत नाहीत. का? ते काळे पडते, झिजते म्हणून. शाळेत न जाता शिकलेले हे रसायनशास्त्र हौद्यालाही तितकेच लागू आहे.

सावर्ड्याजवळ एक अ‍ॅल्युमिनिअमचा हौदा आम्ही पाहिला. चार वर्षांचा होता, दुरून नवाकोरा वाटत होता. जवळ गेल्यावर तळावर काळे डाग आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. मालकांनी सांगितले, २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा जंतू मरावेत म्हणून रोज चुन्याच्या निवळीने हौदा धुतला. हेतू चांगला, परिणाम वाईट. चुना, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा हे सारे अ‍ॅल्युमिनिअमला खातात. लाळ्या-खुरकुताच्या साथीत धुण्याच्या सोड्याचे चार टक्के द्रावण वापरतात, ते गोठ्याला ठीक. अ‍ॅल्युमिनिअमच्या हौद्याला कोणते औषध चालेल हे डॉक्टरांना आधी विचारावे आणि वापरल्यावर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. सिमेंटची गळकी पोती याच हौद्यातून आणली तरी तोच प्रकार होतो.

त्याच हौद्याला लोखंडी बोल्ट होते. बोल्टांभोवती पांढरी भुकटी जमली होती. बोटाने खरवडली तर खालची भोके मोठी झालेली. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल शिरली की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनिअम झिजते. उपाय आहे. दोन धातूंमध्ये रबर किंवा नायलॉनचा वायसर आणि रंगाचा थर द्यायचा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरायचे. करून घेताना हे सांगून, समोर उभे राहून करून घ्यावे लागते.

लोखंडाचे दुखणे आपल्याला ठाऊक आहे. ओले शेण आणि मूत्र कोपऱ्यात साठले की तिथून गंज सुरू होतो. पोकळ चौकोनी पाईप वापरला तर पाणी आत शिरते आणि पाईप आतून कुजतो, बाहेरचा रंग मात्र शाबूत. मॅटखालची ओल तर दिसतच नाही. पण त्याच गावात सात वर्षांचा लोखंडी हौदा आम्ही पाहिला, तो ठोकून पाहिला, घट्ट होता. त्याचे गुपित विचारले. मालक म्हणाले, "गुपित कसलं आलंय! दर फेरीनंतर पाणी मारतो, मॅट उचलून उन्हात टाकतो, आणि दर मे महिन्यात घासून रेड ऑक्साइड आणि वरून रंग." तळाच्या चारही कोपऱ्यांना त्यांनी पाणी जायला भोके पाडली होती. एवढेच.

मधला मार्गही आहे. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, म्हणजे गॅल्व्हनाईज्ड पत्रा आणि पाईप. साध्या पोलादापेक्षा महाग, पण पुष्कळ टिकतो. त्यावर वेल्डिंग करताना आधी जस्त घासून काढावे आणि उघड्यावर काम करावे. जस्ताच्या धुराने वेल्डरला थंडी-ताप भरतो. सांध्यावरचे जस्त गेलेले असते, तिथे लगेच जस्ताचा रंग लावावा.

मोडले तर कोण जोडणार?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. आपल्या प्रत्येक गावात, निदान शेजारच्या गावात, वेल्डिंगचे दुकान आहे. रात्री दहाला दार ठोठावले तरी तो अँगल जोडून देतो. पण त्याच्याकडचे साधे मशीन अ‍ॅल्युमिनिअमला उपयोगाचे नाही. अ‍ॅल्युमिनिअमला आर्गन वायूच्या आच्छादनात वेल्डिंग करावे लागते. ते ६६० अंशांना वितळते, पण त्याच्यावरचा पापुद्रा वितळायला सुमारे दोन हजार अंश लागतात. शिवाय लोखंड तापले की लाल होते आणि वेल्डरला कळते. अ‍ॅल्युमिनिअम रंग न बदलता एकदम ओघळते. सराव नसलेल्याच्या हातून सांधा होण्याऐवजी भोक पडते.

वर सांगितलेल्या चार वर्षांच्या हौद्याच्या फाळक्याचा बिजागरीजवळचा सांधा चिरला होता. आर्गनवाला मिळेपर्यंत गाडी आठ दिवस उभी राहिली. मालक म्हणाले, "गंजत नाही म्हणून घेतला, पण चिरला की घरी बसवतो." आठ दिवसांच्या फेऱ्या बुडाल्या तो खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. हिशेबात मात्र तो धरला पाहिजे.

या बाबतीत एस.टी.चा धडा घेण्यासारखा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली तेव्हा तिचा सांगाडा लाकडी होता. पुढे दापोडी, औरंगाबाद आणि नागपूरच्या कार्यशाळांत अ‍ॅल्युमिनिअमच्या बांधणीच्या गाड्या तयार झाल्या आणि कित्येक वर्षे त्याच धावल्या. २०१७-१८ च्या सुमारास महामंडळ माइल्ड स्टीलच्या बांधणीकडे वळले. अपघातात अंग फाटू नये, सांगाड्याने धक्का सोसावा, हे त्यामागचे कारण. स्वतःच्या कार्यशाळा आणि कारागीर असलेल्या संस्थेने हा निर्णय घेतला. आपल्याकडे तर एक वेल्डिंगचे दुकान आहे.

जनावराला धातू कळत नाही, तळ कळतो

म्हशीच्या दृष्टीने पाहा. तिला पत्रा कशाचा आहे याच्याशी कर्तव्य नाही. पाय घसरतो की नाही, पुढे अंधार आहे की उजेड, चढताना फळी हलते की नाही, एवढेच तिला कळते. शेणाने ओला झालेला चेकर पत्रा लोखंडी असो की अ‍ॅल्युमिनिअमचा, दोन्ही सारखेच निसरडे. १९७८ च्या नियमांत तळावर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या घालायला सांगितल्या आहेत, त्या याचसाठी. काथ्याला कोकणात तोटा नाही आणि आपल्याकडे तर शेतभर पाचट आहे. कोरडे पाचट चांगले जाड अंथरले तर पाय धरतो, मूत्र शोषले जाते आणि उतरल्यावर ते थेट उकिरड्यात जाते. फक्त गाडीत बिडी ओढू नये.

चढायच्या फळीचा उतार बेताचा ठेवा. हौदा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या निदान तिप्पट फळीची लांबी असावी. तीन फूट उंची तर नऊ फूट फळी. तिच्यावर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोका. फळी नसेल तर बांधाला गाडी लावून चढवण्याची आपली जुनी रीत उत्तम. जनावराचे तोंड इंजिनाकडे ठेवावे. एका मालगाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरे नियमाने चालत नाहीत, मग हौदा कितीही मोठा असो. सोबत एक माणूस असावा, जनावरांबरोबर दुसरा माल नसावा. पशुवैद्यकीय दाखला आणि खरेदीची पावती खिशात असावी. या कागदांवाचून रस्त्यात अडकलात तर उन्हात तळमळते ते जनावर.

करून घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

एक. पत्र्याची जाडी पावतीवर लिहून घ्या आणि कापताना कड स्वतः मोजा.

दोन. वजनकाटा वापरा. ही युक्ती आपल्या कुंभार्लीच्या अनुभवातून सुचली. हौदा बसवण्याआधी चासी काट्यावर घाला, बसवल्यावर पुन्हा घाला. फरक म्हणजे हौद्याचे वजन. ६० चौरस फुटांच्या तळात एक मिलिमीटर पत्रा कमी घातला तर सुमारे ४४ किलो कमी भरतात. माणूस खोटे बोलेल, काटा बोलत नाही. ऊस घालताना आपण काट्यावर डोळ्यांत तेल घालून उभे राहतो, तसेच इथेही राहावे.

तीन. मोटार वाहन कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय हौद्यात बदल करू नका.

चार. तळाची मॅट चिकटवून घेऊ नका. ती उचलता आली पाहिजे.

पाच. दर महिन्याला मॅट उचला. लोखंड असेल तर हातोडीने ठोका. खणखणीत वाजले तर ठीक, भद्द वाजले तर तिथे पत्रा गेला. अ‍ॅल्युमिनिअम असेल तर सांधे आणि बिजागऱ्या स्वच्छ पुसून बारकाईने चीर पाहा, बोल्टांभोवती पांढरी भुकटी आहे का पाहा. लोखंड आपले दुखणे तांबड्या रंगाने सांगते, अ‍ॅल्युमिनिअम केसाएवढ्या रेघेने. दोघेही सांगतात, पाहणारा पाहिजे.

तात्पर्य

वर्षातून थोड्या फेऱ्या करणाऱ्या, कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या आणि गावातच दुरुस्ती करून घेणाऱ्या सभासदाने लोखंडाचाच हौदा करावा. ऐपत असेल तर तळ आणि खालची चौकट गॅल्व्हनाईज्ड करावी. कोकणात नित्य फेऱ्या असतील तर गॅल्व्हनाईज्डला पर्याय नाही असेच आम्ही म्हणू. रोज डांबरी रस्त्याने धावणाऱ्या, भारक्षमता कमी असलेल्या पिकअपच्या मालकाने चौकट पोलादाची ठेवून बाजूचा पत्रा अ‍ॅल्युमिनिअमचा घ्यायला हरकत नाही, पण आर्गनवाला कुठे आहे याचा पत्ता आधी काढावा. चौकटीसकट सगळा हौदा अ‍ॅल्युमिनिअमचा करण्याचा सल्ला आपल्या रस्त्यांवर आणि आजच्या दुरुस्तीच्या सोयीत आम्ही कुणालाही देणार नाही. चकाकीचे कौतुक म्हणजे नव्याचे नऊ दिवस.

राहिले त्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. अ‍ॅल्युमिनिअमचा हौदा असता तर घाटात ते घडले नसते का? त्या दिवशी कदाचित घडले नसते. पण मॅट न उचलणाऱ्या मालकाला आणि मॅटवर उभे राहून 'ठीक आहे' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना दुसऱ्या एखाद्या वळणावर, चिरलेल्या सांध्याने, तोच धडा मिळाला असता. त्यांनी नवा हौदा लोखंडाचाच केला आहे, तळ गॅल्व्हनाईज्ड घातला आहे. काट्यावर वजन करायला ते स्वतः आले, तेव्हा आम्ही दोघेही हजर होतो. काटा झाल्यावर त्यांनी न सांगता मॅटची कड उचलून आम्हाला दाखवली.

सभासदांनी जनावरे चढवण्यापूर्वी आपापली मॅट एकदा उचलून पाहावी, ही विनंती.